शेवटचं एक वाचन

लॅपटॉपची हार्ड डिस्क बिघडली की पहिली खबर कानाला लागते. टक्, टक्, टक्... मग क्षणभर काहीच नाही, मग मोटर पुन्हा फिरू लागल्याची बारीक घरघर आणि परत तीच टकटक. नाशिकच्या एम. जी. रोड, कॅनडा कॉर्नर, कॉलेज रोड या पट्ट्यात संगणक दुरुस्तीची दुकानं आहेत. तिथला जाणता माणूस अशी डिस्क हातात घेतली की लगेच कशाला जोडत नाही. आधी विचारतो, "आवाज कधीपासून येतोय? आणि तुम्ही काय काय करून पाहिलंत?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा लांबत जातं. चार-पाच वेळा बंद-चालू केली. भाच्याने कुठलं तरी सॉफ्टवेअर उतरवून रात्रभर चालवलं. विंडोजने स्वतःच तपासणी सुरू केली, ती होऊ दिली. कुणी सांगितलं म्हणून फ्रीझरमध्येसुद्धा ठेवली.

ऐकणाऱ्याचा चेहरा यातल्या प्रत्येक वाक्यागणिक पडत जातो. कारण समजायला डिस्कच्या पोटात डोकवावं लागतं. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कमध्ये काचेच्या एक-दोन चकत्या असतात, त्यांवर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर. चकती मिनिटाला साधारण ५,४०० फेरे घेते. तिची कड ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास वेगाने पळत असते. त्या वेगाने ओढल्या गेलेल्या हवेवर वाचणारं-लिहिणारं हेड तरंगतं. हेड आणि चकती यांच्यात अंतर असतं काही नॅनोमीटर. हवेतला साधा धुळीचा कण हजारो नॅनोमीटरचा. म्हणजे त्या फटीत धूळ शिरते असं म्हणणंही चूक. कण वाटेत पहाडासारखा उभा राहतो आणि हेड त्यावर आपटतं.

चकतीवर हेडला रस्ता दाखवणाऱ्या खुणा कारखान्यातच लिहिलेल्या असतात. हेड जखमी झालं की या खुणा त्याला वाचता येत नाहीत. मग ते मागे येऊन थांब्यावर आदळतं आणि पुन्हा शोधायला निघतं. टकटक ती ही. आणि वाकडं झालेलं हेड चकतीला टेकत असेल तर प्रत्येक फेऱ्यात ते लिहिलेला थर खरवडून काढतं. थर निघून गेला की तिथला फोटो जगातली कुठलीच प्रयोगशाळा परत देऊ शकत नाही. म्हणून टकटक ऐकू आल्यावर करायची गोष्ट एकच: वीज तोडायची आणि पुन्हा जोडायची नाही. फ्रीझरमधून काढलेल्या डिस्कवर आत दव धरतं. त्या इलाजाने काय साधतं, हे विचारायला नको.

या कामाला सगळे 'रिकव्हरी' म्हणतात आणि गिऱ्हाइकाची समजूत होते की डिस्क दुरुस्त होऊन मिळणार. तसं नसतं. डिस्क गेलेलीच असते. तिच्याकडून शेवटचं एक वाचन करून घ्यायचं, तेही तिला शक्य तितकं कमी दमवून, एवढंच या कलेचं काम. दुकानात फाइली उघडून बघत बसलेला माणूस दिसला तर तिथे डिस्क देऊ नये, असं माझं मत आहे. चांगला कारागीर फाइलींकडे बघतच नाही. तो आधी 'इमेज' काढतो, म्हणजे डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर ओळीने उचलून दुसऱ्या, निरोगी डिस्कवर जसाच्या तसा उतरवतो. शोधाशोध, जुळवाजुळव सगळी त्या प्रतीवर. मूळ डिस्क बाजूला.

५०० जीबीच्या डिस्कवर ५१२ बाइटचे ९७,६७,७३,१६८ सेक्टर असतात. धडधाकट डिस्कची इमेज दोन-अडीच तासांत निघते. आजारी डिस्कचं गणित निराळं. न वाचता येणारा सेक्टर आला की डिस्क आपल्या हट्टाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. असे लाखभर सेक्टर आणि प्रत्येकावर ५ सेकंद गेले तर जवळजवळ ६ दिवस नुसते अडण्यात जातात, आणि तितका वेळ हेड टिकेलच असं नाही. म्हणून रीत अशी, की अडलं तिथे थांबायचं नाही. उडी मारून पुढे जायचं, सोपं ते सगळं आधी उचलायचं, सुटलेल्या जागांची नोंद ठेवायची, मग उलट्या दिशेने यायचं आणि अगदी शेवटी, गमावण्यासारखं फारसं उरलं नसताना, त्या अवघड जागांना हात घालायचा. जीएनयू डीडीरेस्क्यू हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर नेमकं हेच करतं. धंदेवाईक मंडळी रशियातल्या रोस्तोव्ह शहरातल्या एस लॅबचं पीसी-३००० वापरतात. ते महाग आहे, पण त्याने डिस्कच्या आतल्या फर्मवेअरशी थेट बोलता येतं. चारपैकी एक हेड मेलेलं असेल तर त्याला वगळून बाकीच्या तिघांकडून आधी वाचून घेता येतं.

डिस्क उघडावीच लागली तर मामला नाशिकबाहेर जातो. अशा कामाला धूळमुक्त हवेचा कक्ष हवा. तो पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांत असतो. तिथे मेलेली हेडं काढून दुसऱ्या डिस्कची हेडं बसवतात. ती देणारी डिस्क म्हणजे 'डोनर'. डोनर नुसता त्याच कंपनीचा असून भागत नाही. मॉडेल, फर्मवेअर, कुठल्या कारखान्यात आणि साधारण कोणत्या महिन्यात बनला इतपत जुळावं लागतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या डिस्का धुंडाळणारी माणसं दिसतात, त्यातली काही या शोधात असतात. गिऱ्हाईक विचारतं, "अहो, पाच जीबीचेच तर फोटो आहेत, एवढे पैसे?" पण दर जीबीवर ठरत नाही, बिघाडावर ठरतो. पाच जीबी काढायलाही डोनर अख्खाच मारावा लागतो.

खालचं हिरवं सर्किट जळलं असेल तर काम बरंच सोपं, असं पूर्वी होतं. तशाच डिस्कचं सर्किट काढून लावलं की चालू. आता त्या सर्किटवर आठ पायांची एक छोटी चिप असते आणि तिच्यात त्या एकाच डिस्कच्या हेडांची बारीक मापं साठवलेली असतात. दुसऱ्याचं सर्किट लावलं तर डिस्क स्वतःलाच ओळखत नाही. चिप उतरवून नव्या सर्किटवर बसवावी लागते. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या सफाईदार हाताला हे जमतं, त्यामुळे ही कामं शहरातच होऊन जातात.

नाशिकचा खास रुग्ण म्हणजे पुरातली डिस्क. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९: गोदावरी पात्र सोडून वर आली आणि सराफ बाजार, भांडी बाजाराच्या बाजूच्या दुकानांत पाणी शिरलं. हिशेबाचा संगणक बहुधा टेबलाखाली, म्हणजे पाण्याला पहिला तोच भेटतो. हार्ड डिस्क हवाबंद असते हा गैरसमज आहे. साध्या डिस्कला हवेचा दाब सांभाळायला एक बारीक छिद्र असतं, ते झाकू नये असं तिच्यावरच छापलेलं असतं. तिथून पाणी आत जातं. बाहेर काढल्यावर माणूस स्वाभाविकपणे ती उन्हात ठेवतो, हेअर ड्रायर मारतो, तांदळाच्या डब्यात खुपसतो. पाणी उडून जातं आणि गाळ चकतीवर वाळून घट्ट बसतो. प्रयोगशाळा उलट सांगतात: ओली डिस्क ओलीच, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून लवकरात लवकर आणा. ओला गाळ धुता येतो.

धुवून काय साधतं याचं टोकाचं उदाहरण अवकाशातून आलं. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतताना टेक्सासवर तुटलं. कल्पना चावला त्यातच गेल्या. झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाच्या नोंदी यानातल्या हार्ड डिस्कवर होत्या. डिस्कची क्षमता अर्ध्या जीबीहूनही कमी. सुमारे सहा महिन्यांनी एका कोरड्या तलावाच्या तळाशी ती सापडली, वितळलेल्या धातूच्या ढेकळासारखी. मिनियापोलिसजवळच्या क्रॉल ऑनट्रॅक कंपनीने चकत्या काढल्या, रसायनाने धुतल्या, नव्या यंत्रात बसवल्या आणि जवळजवळ ९९ टक्के नोंदी वाचल्या. २००८ मध्ये त्यांवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. यात नशिबाचा वाटा होता: चकत्यांचा लिहिलेला भाग शाबूत राहिला, आणि डॉस या जुन्या प्रणालीने नोंदी विखरून न टाकता ओळीने लिहिल्या होत्या. त्याच यानातल्या आणखी दोन डिस्कांतून काहीच मिळालं नाही. त्या फारच खराब झाल्या होत्या.

ओळीने लिहिलेलं असण्याचं महत्त्व पुसलेल्या फाइलींच्या बाबतीत रोज कळतं. पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या नामावळ्यांच्या वह्या असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ते नेमकी वही काढतात. विंडोजही डिस्कवर अशीच एक सूची ठेवते. फाइल डिलीट केली की सूचीतली नोंद 'रिकामी' होते, पान तिथेच राहतं. सूचीच उडाली तर वह्या पानापानाने चाळाव्या लागतात: जेपीईजी फोटो कुठल्या ठरावीक बाइटांनी सुरू होतो ते सॉफ्टवेअरला माहीत असतं आणि ते तेवढंच शोधत जातं. ओळीने लिहिलेले फोटो अख्खे मिळतात, पण नावं जातात, फोल्डर जातात. घरातले चार हजार फोटो क्रमांकांसह हातात येतात. कुठला साखरपुड्याचा आणि कुठला बारशाचा ते घरच्यांनी लावायचं. आणि जुन्या डिस्कवर नवी विंडोज टाकली असेल, तर जिथे ती लिहिली गेली तिथलं आधीचं कायमचं गेलं.

नव्या लॅपटॉपांत फिरणारी चकतीच नाही, चिपांवर लिहिणारी एसएसडी असते. एसएसडीत फाइल पुसली की 'ट्रिम' नावाची आज्ञा ती जागा थोड्याच वेळात खरोखर रिकामी करून टाकते. वर विंडोजचं बिटलॉकर हे कुलूप लागलेलं असेल, तर ४८ आकडी किल्लीशिवाय इमेज काढूनही हाती नुसता गोंधळ. एसएसडीत टकटक होत नाही. आज चालू असते, उद्या नसते.

आता मराठीपुरती एक अडचण, जी परदेशी पुस्तिकांत सापडणार नाही. आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांनी, वकिलांनी, छोट्या प्रकाशकांनी वर्षानुवर्षं मजकूर श्रीलिपी, कृतीदेव, आयएसएम अशा युनिकोडपूर्व फॉन्टांत आणि सॉफ्टवेअरांत टाइप केला. त्या फाइलींत खरं तर रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. देवनागरी दिसते ती फॉन्टमुळे. डिस्क वाचली, फाइल शंभर टक्के सुखरूप निघाली, गिऱ्हाइकाने घरी जाऊन उघडली, तर पडद्यावर प्रश्नचिन्हं, कंस आणि उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं. ते दुसऱ्या दिवशी भांडायला येतं: "भाऊ, डेटा करप्ट दिलात तुम्ही." डेटा ठीकच असतो. फॉन्ट गेलेल्या विंडोजबरोबर गेलेला असतो आणि काहींना तर प्रिंटरच्या पोर्टला लावायचं डोंगल लागायचं, ते कधीच हरवलेलं. मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत, पण फॉन्ट नेमका कोणता होता हे त्यांना सांगावं लागतं. हे भांडण एकदा ऐकलेला कारागीर पुढच्या वेळी इमेजमधून विंडोजचा फॉन्ट्स फोल्डरही न मागता उचलतो आणि पेनड्राइव्हवर वेगळा देतो.