जुन्या मोटारीची खरेदी : क्रेडिट कार्ड की वाहनकर्ज?
(उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

कल्याणच्या पुढे, कर्जतकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे एकमेकांना लागून असली, तरी त्यांचे अर्थजीवन एकसारखे नाही. १९४९ मध्ये निर्वासित सिंधी बांधवांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरात फर्निचर, जीन्स व किरकोळ व्यापार यांना महत्त्व आहे. अंबरनाथला आयुध निर्माणी आणि औद्योगिक वसाहत आहे. तर बदलापुरातील असंख्य नोकरदार रोज लोकलने मुंबई-ठाण्याकडे जातात. नव्या मोटारीची किंमत आवाक्याबाहेर असल्याने अशा मध्यमवर्गीय कुटुंबांचा ओढा साहजिकच जुन्या मोटारीकडे असतो. काही रक्कम हाताशी असते, उरलेली उभी करायची असते. ती क्रेडिट कार्डावर घ्यावी की वाहनकर्ज काढावे, या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कर्जाचे दोन प्रकार

क्रेडिट कार्डावरील उधारी ही विनातारण असते, तर वाहनकर्जास खुद्द वाहनाचेच तारण असते. हा भेद बँकिंग नियमनातही मान्य झालेला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्राहक कर्जांवरील जोखीमभार वाढविला, तेव्हा बँकांच्या क्रेडिट कार्ड येण्यांसाठी तो १२५ वरून १५० टक्के केला. वाहनकर्जे मात्र या वाढीतून वगळली. तारण नसल्याने धनकोची जोखीम वाढते आणि तिची भरपाई व्याजदरातून केली जाते.

कार्डावरील व्याजास कमाल मर्यादा असावी काय, हा वादही बराच काळ चालला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. त्यामुळे स्वतःचा हिशेब स्वतः मांडणे, हाच ऋणकोचा खरा आधार उरतो.

व्याजाचे गणित

समजा, २,००,००० रुपये कमी पडत आहेत. वाहनकर्ज घटत्या शिल्लक रकमेवर वार्षिक १४ टक्के दराने ३६ महिन्यांसाठी मिळाले, तर मासिक हप्ता सुमारे ६,८३६ रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे ४६,००० रुपये होते.

हीच रक्कम कार्डावर दरमहा ३.५ टक्के दराने थकीत ठेवल्यास पहिल्याच महिन्याचे व्याज ७,००० रुपये होते. कार्डावरील व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. वाहनकर्जाच्या व्याजावर तो लागत नाही. करासह हा बोजा ८,२६० रुपये होतो. म्हणजे वाहनकर्जाचा पूर्ण हप्ता कार्डावर भरला, तरी महिन्याचे व्याजदेखील फिटत नाही. मुद्दल तर जागचे हलत नाही. ३६ महिन्यांत कर्ज फेडायचेच ठरविले, तर दरमहा सुमारे १०,७७० रुपये भरावे लागतील आणि व्याज व कर मिळून जवळजवळ १,८८,००० रुपये, म्हणजे जवळपास मुद्दलाइतकीच रक्कम, अधिक जाईल.

किमान देय रक्कम भरली की हिशेब मिटला, हा समजही चुकीचा आहे. त्यामुळे विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही. कार्डावरून रोख रक्कम काढल्यास बिनव्याजी मुदत मिळत नाही. शुल्क आणि पहिल्या दिवसापासूनचे व्याज दोन्ही लागतात. खाजगी विक्रेत्याकडे कार्ड स्वीकारण्याची सोय क्वचितच असल्याने हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे.

वाहनकर्जातही सावधगिरी हवी. ‘फ्लॅट’ ९ टक्के दराने २,००,००० रुपयांवर तीन वर्षांचे व्याज ५४,००० रुपये होते. मुद्दल फिटत जाते, व्याज मात्र मूळ रकमेवरच आकारले जाते. त्यामुळे हा दर घटत्या शिल्लकीच्या हिशेबाने सव्वासोळा टक्क्यांच्या आसपास पडतो. एप्रिल २०२४ च्या परिपत्रकान्वये रिझर्व्ह बँकेने किरकोळ मुदत कर्जांसाठी सर्व शुल्कांसह वार्षिक दर दाखविणारे मुख्य तथ्य विवरण देणे बंधनकारक केले. ते मागून घेऊन वाचावे. मुदतपूर्व परतफेडीचे शुल्कही त्यातच पाहावे.

कागदपत्रांचा लाभ

वाहनकर्जाची कागदपत्रे त्रासदायक वाटतात. पण त्यांत खरेदीदाराचेही संरक्षण असते. कर्ज देणारी संस्था वाहनाचे मूल्यांकन करून घेते आणि जुन्या कर्जाचा बोजा तपासते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० अन्वये हस्तांतरणाची नोंद आवश्यक आहे. नमुना २९ व ३० त्यासाठी आहेत. आधीचा बोजा असल्यास तो नमुना ३५ द्वारे उतरविला जातो, नवा नमुना ३४ द्वारे चढविला जातो. ‘एमएच ०५’ क्रमांकाच्या वाहनांच्या या नोंदी कल्याणच्या परिवहन कार्यालयात होतात. कार्डावर पैसे उभे केल्यास ही तपासणी खरेदीदारास स्वतःच करावी लागते. उल्हास नदीच्या पुराने बदलापूर परिसरास २००५ व २०१९ मध्ये वेढले होते. अशा भागात मोटार पाण्यात बुडालेली होती काय, हे जाणकाराकडून पाहून घेणे अगत्याचे आहे.

कार्ड केव्हा योग्य?

रक्कम लहान आणि परतफेड निश्चित असेल तेथे कार्ड उपयोगी पडते. विम्याचा हप्ता किंवा दुरुस्तीचा खर्च कार्डावर करून देय तारखेपूर्वी पूर्ण फेडल्यास व्याज लागत नाही. ३०,००० रुपये दोन महिने थकले, तरी वरील दराने सुमारे २,५०० रुपये जातात. एवढ्यासाठी प्रक्रिया शुल्क व बोजानोंदणीचा खटाटोप कदाचित परवडणार नाही. मोटार फार जुनी असल्यास वाहनकर्ज नाकारलेही जाते. पण तेव्हा कार्डाकडे वळण्याऐवजी खरेदी पुढे ढकलणे अधिक शहाणपणाचे ठरते.

निष्कर्ष

पगारपत्रक असलेल्या नोकरदारास वाहनकर्ज तुलनेने सहज मिळते. रोखीत व्यवहार करणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यास आयकर विवरणपत्रे व बँक खात्याचे उतारे जुळवावे लागतात आणि म्हणूनच हातातील कार्डाचा मोह त्याला अधिक पडतो. गृहकर्जाचा हप्ता आधीच चालू असलेल्या कुटुंबाने तर दोन्ही हप्त्यांची बेरीज करूनच निर्णय घ्यावा. वाहनकर्ज थकल्यास मोटार जप्त होऊ शकते, ही त्याची उणी बाजू आहे. कार्डाच्या थकबाकीत मोटार दाराशी राहते, परंतु कर्ज वाढत जाते आणि पतनोंद बिघडून पुढील कर्जाचे दरवाजे बंद होतात. सारांश, काही आठवड्यांच्या गरजेसाठी कार्ड आणि काही वर्षांच्या गरजेसाठी वाहनकर्ज, ही विभागणी पाळणे हिताचे आहे.