जुन्या मोटारीची हमी आणि दुरुस्तीचा कज्जा

व्यवहार आणि कायदा : लेखांक सातवा

मागील लेखांकात, जुनी मोटार विकत घेतल्यावर नाशिकच्या पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयात नमुना २९ व नमुना ३० दाखल करून नोंदणीपुस्तकावर आपले नाव कसे चढवून घ्यावे, आणि ते चढेपर्यंत अपघाताच्या भरपाईचे दायित्व सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ सालच्या निर्णयानुसार जुन्या नोंदणीधारकाच्याच माथी कसे राहते, याचा विचार आपण केला. कागदोपत्री मालकी अशी बिनबोभाट पदरात पडली, तरी मोटारीच्या पोटात काय दडले आहे हे त्या कागदांवरून कळत नाही. ते कळते बहुधा पहिल्या लांबच्या प्रवासात, आणि मग दुरुस्तीचा खर्च कोणी सोसावा या प्रश्नावरून गिऱ्हाईक आणि डीलर यांच्यात जो कज्जा उभा राहतो, तो आजचा विषय होय.

नाशिकात या व्यवहाराला गिऱ्हाईक नाना प्रकारचे. निफाड-पिंपळगावचा बागायतदार द्राक्षांचा हंगाम आटोपल्यावर हाती आलेल्या पैशातून गाडी पाहायला येतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यातला कामगार घरच्यांसाठी छोटी मोटार शोधतो. शिर्डी-त्र्यंबकेश्वरच्या यात्रेकरूंची ने-आण करून पोट भरणारा चालक सात-आठ आसनांची डिझेल गाडी हेरतो. तिघांनाही मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या एखाद्या दुकानात जे ऐकू येते ते बहुतांशी सारखेच असते : गाडी एकहाती आहे, कुठे ठोकलेली नाही, रनिंग खरे आहे, आणि काही झालेच तर आम्ही आहोत ना! गिऱ्हाईक भुलते ते शेवटच्या आश्वासनाला. कायदा मात्र त्याला फारशी किंमत देत नाही. त्याच्या लेखी वजन असते ते आधीच्या तीन विधानांना, कारण ती वस्तुस्थितीविषयीची विधाने आहेत आणि ती खरी की खोटी हे पडताळून पाहता येते.

आपला माल विक्री अधिनियम १९३० चा, आणि तो इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्यावर बेतलेला. म्हणून तेथील दोन निवाडे येथेही उद्बोधक ठरतात. १९५७ च्या पहिल्या निवाड्यात एका खाजगी गृहस्थाने आपली मॉरिस मोटार १९४८ सालची म्हणून मोटारींच्या व्यापाऱ्याला दिली होती, ती पुढे १९३९ ची निघाली. नोंदणीपुस्तकातील साल चुकीचे आहे हे त्या गृहस्थालाही ठाऊक नव्हते. आणि खरेखोटे पडताळण्याची साधने देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्या व्यापाऱ्यापाशीच अधिक असल्यामुळे, त्या गृहस्थाचे सांगणे ही हमी नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. १९६५ च्या दुसऱ्या निवाड्यात पारडे फिरले. तेथे विकणारा व्यापारी होता. बेंटले मोटारीत नवे इंजिन बसविल्यापासून ती वीस हजार मैलच चालली आहे असे त्याने सांगितले होते, आणि प्रत्यक्षात आकडा एक लाखाच्या घरात होता. ते विधान हमी ठरले व त्याची भरपाई व्यापाऱ्याला द्यावी लागली. तात्पर्य हे की, ज्याचा धंदाच मोटारी पारखण्याचा आहे त्याने ‘मला तरी काय माहीत’ असे म्हणून हात झटकणे न्यायाला मानवत नाही.

हाच भेद आपल्याकडेही तक्रार कोठे करावी हे ठरवितो. शेजाऱ्याने किंवा कचेरीतील सहकाऱ्याने स्वतःची एकुलती एक मोटार विकली, तर तो व्यापारी नव्हे; त्याच्याशी वाद झाल्यास दिवाणी न्यायालयाचीच वाट धरावी लागते. डीलर मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कक्षेत येतो, आणि मोटार जुनी आहे एवढ्यावरून तो त्या कक्षेबाहेर जात नाही. म्हणूनच वाद निघताच ‘आम्ही फक्त मध्यस्थ, गाडी अमुकाची होती’ असा पवित्रा घेतला जातो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेली आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेली दुरुस्ती येथे गिऱ्हाईकाच्या कामी येते : जुन्या वाहनांच्या डीलरला नोंदणी अधिकाऱ्याकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावे लागते, मूळ मालकाने मोटार डीलरच्या हवाली केल्याची सूचना नमुना २९-सी मध्ये द्यावी लागते, आणि मोटार डीलरच्या ताब्यात असताना ती कोठे, कशासाठी व किती चालली याची नोंदवही त्याला ठेवावी लागते. मोटार त्याच्याच ताब्यातून आली हे दाखविणारा दस्तऐवज असा सरकारदरबारी असू शकतो. त्याशिवाय पावती व बिल कोणाच्या नावाचे आहे हेही पाहावे. बिल देण्याचे टाळणे ही तर २०१९ च्या अधिनियमाने अनुचित व्यापारी प्रथाच ठरविली आहे.

आता प्रत्यक्ष हमीपत्राकडे वळू, आणि त्यासाठी एक कल्पित मामला घेऊ. पिंपळगावच्या एका गृहस्थाने सात लाखांना डिझेल मोटार घेतली. हमीपत्रात इंजिन आणि गिअरबॉक्स यांना सहा महिने किंवा पाच हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल तोवर, संरक्षण दिलेले होते. दुसऱ्याच महिन्यात मुंबईहून परतताना कसारा घाट चढत असता तापमानाचा काटा वर गेला, बोनेटखालून वाफ येऊ लागली, आणि गाडी टोचन करून नाशिकला आणावी लागली. मिस्त्रीने ऑइलचे झाकण फिरवून काढले तेव्हा त्याच्या आतल्या अंगाला पिवळट, दुधाळ साय धरलेली दिसली : कूलंट ऑइलमध्ये मिसळल्याची ती खूण, आणि अशा प्रवासानंतर ती दिसली म्हणजे हेड गास्केट गेले असावे, नाहीतर हेड वाकले किंवा त्याला तडा गेला असावा. एस्टिमेट ऐंशी हजारांचे निघाले.

डीलरने हमीपत्र पुढे केले. रेडिएटरचा रबरी पाइप फुटलेला आहे. पाइप हा झिजणारा भाग, म्हणून क्लच प्लेट, ब्रेक, टायर, बॅटरी यांच्याप्रमाणेच हमीतून वगळलेला. काटा वर गेलेला दिसत असता गाडी तशीच दामटणे ही चालकाची हयगय. आणि हयगयीतून झालेले नुकसान हमीबाहेर. म्हणजे इंजिन हमीत, परंतु ज्या कारणाने ते निकामी झाले ते कारण हमीबाहेर! गिऱ्हाईकाचे म्हणणे याच्या नेमके उलट : गास्केट आधीपासूनच गेलेले होते, ते कसेबसे चालते करून गाडी आपल्या गळ्यात मारण्यात आली, आणि पाइप फुटला तो त्यामुळेच. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी संभवतात. पाइप फुटून कूलंट वाहून गेले की इंजिन तापून हेड वाकते. उलटपक्षी गास्केट आधीच गेले असेल तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरून दाब वाढतो आणि जो भाग कच्चा असेल तो फुटतो. आधी काय झाले, एवढाच सारा वाद आहे, आणि त्याचा पुरावा इंजिनाच्या आत, हेडच्या पृष्ठभागावर आणि गास्केटच्या जळक्या कडेवर आहे.

या लेखांकात सांगावयाची मुख्य गोष्ट हीच. असा मामला ग्राहक आयोगाच्या दारात नव्हे, तर ज्या दिवशी गाडी वर्कशॉपमध्ये शिरते त्या दिवशी जिंकला किंवा गमावला जातो. वैतागलेले गिऱ्हाईक साहजिकच ओळखीच्या मिस्त्रीकडून इंजिन खोलून घेते, जुने भाग भंगारात जातात, गाडी सुरू होते, आणि मग ते ऐंशी हजारांचे बिल घेऊन डीलरकडे जाते. तोवर पुरावा नाहीसा झालेला असतो. शिवाय ‘आमच्या लेखी संमतीवाचून अन्यत्र दुरुस्ती केल्यास हमी रद्द’ हे हमीपत्रातले कलमही डीलरला आयतेच मिळते. म्हणून क्रम असा असावा. गाडी बंद पडताच मीटरचा आकडा, काटा आणि गळती यांची छायाचित्रे घ्यावीत. वर्कशॉपच्या जॉब कार्डावर ‘चेक करणे’ असे मोघम न लिहू देता तक्रारीचे स्वरूप, किलोमीटर आणि तारीख लिहून घ्यावी. डीलरला लेखी नोटीस पाठवून, अमुक दिवशी इंजिन खोलले जाईल, त्या वेळी आपला माणूस हजर ठेवावा, असे कळवावे. तो आला नाही तर निदान बोलावल्याचा पुरावा राहतो. खोलताना निघालेले भाग, ‘जुने भाग परत मिळाले’ अशी नोंद करून, जपून ठेवावेत; आणि वर्कशॉपने निदान लेखी द्यावे असा आग्रह धरावा.

खर्चाच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. १८७२ च्या करार अधिनियमाच्या कलम १७० प्रमाणे, ज्याने वस्तूवर श्रम व कौशल्य खर्ची घातले त्याला मेहनताना मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क आहे. त्यामुळे वर्कशॉप बिल चुकते होईतो गाडी सोडत नाही, आणि गाडीवर ज्याची रोजी अवलंबून आहे त्याला पैसे भरणे भाग पडते. भरावेत; पण बिलावर व पावतीवर ‘हरकत राखून भरणा’ असे लिहून सही करावी, म्हणजे पैसे भरले यावरून मागणी मान्य केली असा अर्थ काढता येत नाही.

राहिला प्रश्न डिलिव्हरी नोटीवरील त्या सुपरिचित ओळीचा : गाडी जशी आहे तशी, पाहून व तपासून, समाधान झाल्यावर घेतली. या ओळीने पुष्कळ गिऱ्हाइकांचे अवसान गळते, ते सर्वस्वी रास्त नाही. १९३० च्या अधिनियमाचे कलम १६ सांगते की, घेणाऱ्याने माल तपासला असेल तर त्या तपासणीत जे दोष आढळावयास हवे होते त्यांबद्दल त्याला बोलता येत नाही. फाटके सीट, गुळगुळीत टायर, दारावरचा पोचा याबद्दल नंतर कुरकुर करता येणार नाही, हे उघड आहे. पण आवारात दोन फेऱ्या मारून हेडमधला तडा कोणाला दिसणार? आणि मीटर मागे फिरवलेला असेल, तर तो मामला निव्वळ हमीचा न राहता करार अधिनियमाच्या कलम १७ मधील कपटाचा होतो. निहित हमी, म्हणजे न लिहिताही कायदा गृहीत धरतो ती, स्पष्ट कराराने वगळता येते, हे खरे. परंतु सारेच ओझे एकट्या ग्राहकावर लादणारा करार २०१९ च्या अधिनियमानुसार ‘अनुचित करार’ ठरू शकतो. ती दाद मात्र जिल्हा आयोगापुढे नव्हे, राज्य आयोगापुढे मागावी लागते.

दाद मागताना काय मागावे, याचेही तारतम्य हवे. मोटार परत घ्या, ही पहिली मागणी सर्वांच्याच तोंडी असते. पण माल स्वीकारल्यानंतर सामान्यतः तो परत करता येत नाही, नुकसानभरपाईच मागता येते. २००६ साली मारुती उद्योगाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असेच म्हटले की, हमी सदोष भागाच्या दुरुस्तीची वा बदलाची असेल, तर अख्खी मोटार बदलून द्या असा हुकूम करता येत नाही. नवीन मोटारीचा हा न्याय जुनीला तर अधिकच लागू व्हावा. दुसरा प्रश्न सामनेवाला कोणाला करावे, हा. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ चे मॉडेल सांगून विकलेली नवी मोटार २००९ ची, सहाशेहून अधिक किलोमीटर चाललेली आणि तळाशी गंजलेली निघाली. परंतु २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीलरच्या त्या कृत्याबद्दल टाटा मोटर्सला जबाबदार धरले नाही, कारण कंपनी व डीलर हे दोन स्वतंत्र व्यापारी होते आणि कंपनीला त्याची कल्पना असल्याचे सिद्ध झाले नव्हते. पाटीवरील मोठे नाव पाहून त्याच्यामागे धावण्यापेक्षा, ज्याने पैसे घेतले त्याचा पिच्छा पुरवावा हे श्रेयस्कर.

तक्रारीची रीत अवघड नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आधी प्रयत्न करून पाहावा. न जमल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे, जेथे मोटारीची दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असलेली प्रकरणे चालतात. पाच लाखांपर्यंतच्या किमतीला शुल्क नाही. आमच्या कल्पित गृहस्थाच्या सात लाखांच्या मोटारीला अवघे दोनशे रुपये. डीलर ठाण्याचा वा पुण्याचा असला तरी तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे, म्हणजे नाशिककराला नाशिकातच, तक्रार करता येते. २०२५ पासून ई-जागृती या संकेतस्थळावरून ती घरबसल्याही दाखल होते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. तपासणीवाचून दोष ठरत नसेल तर आयोग ती योग्य प्रयोगशाळेकडून करवून घेऊ शकतो, आणि वर सांगितलेले जपून ठेवलेले भाग त्या वेळी कामाला येतात. यात्रेकरूंची वाहतूक करणाऱ्या चालकाला ‘तुमचा हेतू व्यापारी, तुम्ही ग्राहक नव्हे’ असे हटकण्यात येते. परंतु स्वयंरोजगाराने केवळ उपजीविका चालविण्यासाठी घेतलेली वस्तू अधिनियमाने या अपवादातून स्पष्टपणे सोडविली आहे. दहा गाड्या भाड्याने लावणाऱ्याला मात्र हा आसरा सहजी मिळणार नाही.

डीलरच्या बाजूनेही एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. आठ वर्षे रस्त्यावर धावलेल्या मोटारीचा क्लच घसरला किंवा सस्पेन्शन कुरकुरले, तर ते वयोमान आहे. त्यासाठीच किंमत कमी झालेली असते, आणि अर्ध्या किमतीत नव्या मोटारीची निश्चिंती मागणे हा व्यवहार नव्हे. झीज गिऱ्हाईकाने सोसावी आणि लपविलेला दोष डीलरने, ही वाटणी रास्त आहे. परंतु झीज कोणती व दोष कोणता हे सांगणारा कागद जोवर गिऱ्हाईक स्वतः तयार करून ठेवीत नाही, तोवर डीलरचे हमीपत्र हा एकच कागद आयोगापुढे बोलत राहणार.

पुढील लेखांकात : मोटार नावावर झाली, पण विम्याची पॉलिसी जुन्याच मालकाच्या नावे राहिली, अशा स्थितीत अपघात घडल्यास विमा कंपनी कोणते पैसे देते व कोणते नाकारते, याचा विचार करू.