आधी कोण, नंतर कोण?

चातुर्मासात आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपली, की पुढे एक मोठी, निवांत संध्याकाळ उरते. पूर्वी या वेळेत आजोबा गोष्टी सांगत. आता मुलांच्या हाती मोबाइल असतो आणि त्यावर 'तुम्हाला हे ठाऊक आहे का?' अशा मथळ्याची माहिती अखंड येत राहते. त्यातली निम्मी खोटी असते. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हे त्यांपैकी सर्वांत टिकाऊ असत्य! ती नुसत्या डोळ्यांनी तेथून दिसत नाही. या खोट्या नवलांवर उतारा म्हणून गेल्या वर्षी मी घरात एक खेळ सुरू केला. दोन घटना सांगायच्या आणि विचारायचे, आधी कोणती, नंतर कोणती? अट एवढीच, की उत्तर पडताळून पाहिलेले असावे.

खेळ वाटतो तितका सोपा नाही. वाचकहो, आपणही करून पाहा. पत्र्याचा हवाबंद डबा आधी, की तो उघडण्याचे साधन आधी? दोन्ही एकदमच आली असणार, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात पत्र्याच्या डब्याचे पेटंट इंग्लंडात १८१० साली दिले गेले आणि तो कापून उघडण्याची खास हत्यारे आली १८५५ ते १८५८च्या सुमारास. मधली सुमारे पंचेचाळीस वर्षे लोक छिन्नी आणि हातोडा घेऊन डबे फोडत होते. आमच्या सूनबाईंनी हे ऐकून एवढेच म्हटले, "डबा पुरुषाने शोधला असणार."

प्रवासी बॅगेची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. चाक माणसाला पाच हजारांहून अधिक वर्षे ठाऊक आहे. जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला. परंतु चाकांवर ओढत नेण्याच्या बॅगेचे पेटंट अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना मिळाले ते १९७२ साली. बरे, कल्पना सुचल्यावर तरी दुकानदारांनी ती उचलून धरावी! कित्येकांनी नकार दिला. कारण काय, तर पुरुष स्वतःचे सामान उचलूनच नेतो, ओढत नेणे त्याला कमीपणाचे वाटेल. चंद्रावर जाण्याइतकी बुद्धी असलेल्या जगाला हमालीतला हा अभिमान सोडायला आणखी काही वर्षे लागली.

मुलांना प्राणी प्रिय. म्हणून पुढच्या संध्याकाळी डायनासोर आले. स्टेगोसॉरस हा पाठीवर पाखांच्या रांगा असलेला प्राणी आणि टायरॅनोसॉरस हा विक्राळ जबड्याचा, दोघे चित्रांत नेहमी शेजारी उभे असतात. खरे पाहता पहिला सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा आणि दुसरा सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी नष्ट झालेला. म्हणजे टायरॅनोसॉरस स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला अधिक जवळचा! १९९३ साली आलेल्या 'जुरासिक पार्क' या चित्रपटाचा खरा नायक हाच, आणि तोच मुळी जुरासिक कालखंडातला नाही. तो त्याच्या पुढच्या क्रिटेशस कालखंडातला. आमच्या नातवाला हा शोध इतका आवडला, की आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्याने तो ऐकवला.

असेच इजिप्तचे. क्लिओपात्रा म्हटले की मागे पिरॅमिड दिसतो. गिझाचा मोठा पिरॅमिड इसवी सनापूर्वी सुमारे २५६० मध्ये उभा राहिला. क्लिओपात्रा मरण पावली इसवी सनापूर्वी ३० मध्ये. तिच्या दृष्टीने पिरॅमिड अडीच हजार वर्षे जुना होता आणि माणसाचे चंद्रावरचे पाऊल दोन हजार वर्षे दूर. तिकडे तो पिरॅमिड बांधला जात असताना सैबेरियाच्या उत्तरेस रँगेल बेटावर केसाळ मॅमथ हत्ती चरत होते. ते नामशेष झाले सुमारे चार हजार वर्षांपूर्वी.

दूरच्या काळाचे असे होते, हे एक वेळ समजू शकते. दुर्बिणीशिवाय पाहिले, की दूरचे दोन डोंगर एकमेकांना चिकटलेले दिसतात, तसेच हे. पण आपल्या घरच्या इतिहासाचेही तेच होते. ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि ज्ञानेश्वरी यांत आधीचे काय? आमच्याकडे सर्वांनी एकमुखाने ज्ञानेश्वरी सांगितली. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे १२९० साली नेवाशात पूर्ण झाली. ऑक्सफर्डमध्ये अध्यापन चालू असल्याचा पुरावा १०९६ पासूनचा आहे. ज्या अ‍ॅझ्टेक साम्राज्याला आपण प्राचीन म्हणतो, त्याची राजधानी टेनोच्टिटलान मात्र परंपरेनुसार १३२५ साली वसली, ज्ञानेश्वरीच्या पस्तीस वर्षांनंतर.

मग श्रवणबेळगोळ? येथे मुलांना थोडा तरी अभिमान वाटावा, अशी जागा सापडली. चामुंडरायाने सुमारे ९८१ साली घडवून घेतलेली गोमटेश्वराची सत्तावन्न फुटांची अखंड पाषाणमूर्ती ऑक्सफर्डच्या त्या पहिल्या पुराव्याहून शतकभराने आधीची आहे. तिच्या पायाशी कन्नड आणि तमिळ ओळींसोबत एक मराठी ओळ कोरलेली आहे: 'श्रीचावुण्डराजें करवियलें'. कर्नाटकाच्या भूमीवर, जैन मूर्तीच्या चरणांशी मराठी! आमच्या पिढीला हाच मराठीचा आद्य शिलालेख म्हणून शिकवला गेला. ओळ नेमकी केव्हा कोरली गेली याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत आणि रायगड जिल्ह्यातील अक्षीचा शके ९३४चा लेख आता आद्य मानला जातो. पहिला क्रमांक गेला, तरी ओळ तेथेच आहे. दर्शनाला गेल्यावर आपण मान वर करून मूर्तीचे मुख पाहतो. खाली पाहायचे बहुतेकांचे राहूनच जाते. माझेही दोनदा राहिले.

एका रविवारी नातीने माझ्यावर डाव उलटवला. "आजोबा, निन्टेंडो कंपनी आधी, की महात्मा फुले?" मी हसलो. व्हिडिओ गेमची कंपनी आणि जोतीराव! परंतु निन्टेंडोची स्थापना जपानमधील क्योटो येथे सप्टेंबर १८८९ मध्ये झाली. तेव्हा ती हाताने बनवलेले खेळायचे पत्ते विकत असे. जोतीरावांचे निधन झाले नोव्हेंबर १८९० मध्ये. म्हणजे वर्षभराहून अधिक काळ दोघे एकाच जगात होते. त्याच १८८९च्या मार्चमध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले होते. मी हरलो, आणि हरल्याचा मला फार आनंद झाला.

मात्र या सगळ्या खेळात माझ्या मनात जी साखळी खोल रुतून बसली, ती अमेरिकेच्या यादवी युद्धाची. आपला त्याच्याशी काय संबंध, असे वाटेल. १८६१ मध्ये ते युद्ध पेटले आणि दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली आणि मुंबईत कापसाचे भाव भडकले. गाद्या-उशा उसवून आतला कापूससुद्धा लोकांनी विकायला काढला, असे त्या काळाविषयी सांगतात. पैशाला ठिकाणा राहिला नाही. रोज नव्या बँका आणि नव्या कंपन्या निघू लागल्या. समुद्र हटवून जमीन काढण्याच्या योजनांचे शेअर मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने विकले जाऊ लागले. या उलाढालीच्या केंद्रस्थानी होते सुरतेहून आलेल्या जैन कुटुंबातले शेठ प्रेमचंद रायचंद. वय तिशीच्या आसपास, आणि बाजार त्यांच्या शब्दावर चालत असे.

त्यांनी या भरभराटीतच मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मग एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेत दक्षिणेचे सेनापती ली यांनी शरणागती पत्करली. युद्ध संपल्याची बातमी जगभर आनंदाची होती. मुंबईत ती दिवाळखोरीची ठरली. कापसाचे भाव कोसळले, त्यांच्यासोबत कंपन्या कोसळल्या, पुढे बाँबे बँकही बुडाली. प्रेमचंद शेठांची मालमत्ता गेली. असंख्य लहान माणसांची आयुष्यभराची पुंजी गेली, त्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. देणगीचा मनोरा मात्र १८७८ मध्ये पुरा झाला, दोनशे ऐंशी फूट उंच. शेठांच्या मातोश्रींच्या नावावरून तो राजाबाई टॉवर. मातोश्रींना दिसत नसे. सूर्यास्तापूर्वी भोजन घेण्याचा नेम पाळताना घड्याळाच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळावी म्हणून हा मनोरा, अशी कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. कथा किती खरी, हा प्रश्न बाजूला ठेवू. घड्याळ आहे आणि नाव आहे.

हे सारे आपण जुन्या मुंबईच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. आता पुढचे पाहा. युद्ध संपल्यावर पाच दिवसांनी वॉशिंग्टनच्या नाट्यगृहात अध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली. त्या नाट्यगृहात सॅम्युएल सीमोर नावाचा पाच वर्षांचा मुलगा होता. लिंकन यांना काय झाले, ते त्याला कळले नाही. सज्जातून खाली पडलेल्या माणसाला लागले तर नाही ना, एवढीच त्याला चिंता. तो माणूस म्हणजे खुद्द मारेकरी, हे त्याला कसे ठाऊक असणार! हाच सीमोर फेब्रुवारी १९५६ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षाच्या सुमारास, 'आय हॅव गॉट अ सीक्रेट' या अमेरिकन दूरचित्रवाणीच्या लोकप्रिय कार्यक्रमात बसला होता. त्याचे गुपित ओळखायचे होते. लिंकनच्या हत्येचा साक्षीदार टेलिव्हिजनच्या पडद्यावर! त्याच हिवाळ्यात इकडे संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी मुंबईच्या रस्त्यांवर माणसे गोळ्या झेलत होती. सीमोर त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये वारला.

साखळी तेथेही संपत नाही. मोझ ट्रिप्लेट नावाचा एक सैनिक त्या युद्धात प्रथम दक्षिणेकडून होता, मग ती फौज सोडून उत्तरेकडून लढला. उतारवयात, १९२४ मध्ये, त्याने आपल्याहून सुमारे पन्नास वर्षांनी लहान स्त्रीशी दुसरे लग्न केले. १९३० मध्ये त्याला मुलगी झाली, तेव्हा तो त्र्याऐंशी वर्षांचा होता. या मुलीला, आयरीन ट्रिप्लेट यांना, स्वतःचा निर्वाह करता येण्याजोगी बौद्धिक क्षमता नव्हती. सैनिकाचे असहाय अपत्य म्हणून अमेरिकन सरकार त्यांना दरमहा ७३ डॉलर १३ सेंट निवृत्तिवेतन देत असे. ते थांबले ३१ मे २०२० रोजी, आयरीन गेल्या तेव्हा. ज्या युद्धाच्या शेवटाने मुंबईचा बाजार बुडाला, त्या युद्धाचा हिशेब करोनाच्या टाळेबंदीपर्यंत उघडा होता.

हे मी सांगितले, तेव्हा आमच्या आई भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्यांचा जन्मही १९३०चा. "म्हणजे ती माझ्या वयाची," एवढेच त्या म्हणाल्या.

'जुने' हा शब्द आपण किती सैल वापरतो, हे त्या दिवसापासून मला जाणवू लागले. फ्रान्समध्ये गिलोटिनने शेवटचा शिरच्छेद झाला तो १० सप्टेंबर १९७७ रोजी. फ्रेंच राज्यक्रांतीचे ते यंत्र! त्याच वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेत 'स्टार वॉर्स' आणि इकडे 'अमर अकबर अँथनी' पडद्यावर आले होते. म्हणजे मी मॅटिनीला बसलो होतो, तेव्हा ते पाते अजून कामावर होते.

आणि स्वित्झर्लंड! घड्याळे, शिस्त, प्रगती. तेथील स्त्रियांना देशपातळीवर मताधिकार मिळाला ७ फेब्रुवारी १९७१ रोजी, तोही पुरुषांनी मतदान करून दिल्यावर. तोपर्यंत भारतीय स्त्रियांनी चार सार्वत्रिक निवडणुकांत मतदान केले होते आणि इंदिरा गांधी पाच वर्षे पंतप्रधान होत्या. आपेनझेल इनरऱ्होडेन या चिमुकल्या स्विस प्रांतात तर स्थानिक मताधिकारासाठी १९९० मध्ये न्यायालयाला आदेश द्यावा लागला.

आपल्याकडे सारे सुरळीत होते, असे मात्र नाही. पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशातल्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव दिलेच नव्हते. 'अमक्याची आई', 'तमक्याची पत्नी' अशीच नोंद त्यांनी केली होती.

मी आईंकडे वळून विचारले, "तुमचे नाव होते का यादीत?"

"होते की. वडिलांनी पाटीवर गिरवायला शिकवलेले नाव, मी स्वतः सांगितले," आई म्हणाल्या. "पण केंद्रावरच्या माणसाने यजमानांचे नाव विचारले. ते कसे घ्यायचे? आमच्यात नाव घेत नसत. मागे रांग खोळंबली. शेवटी मामंजींनी लांबून ओरडून सांगितले."

"मग तुम्ही मत कोणाला दिले?" नातीने विचारले.

"ते मी तुझ्या पणजोबांनासुद्धा सांगितले नाही," आई म्हणाल्या आणि जपमाळ घेऊन आत गेल्या.