न हलणारा घोटा

सांधा म्हणजे दोन हाडांमधली हालचालीची जागा. ती हालचालच कायमची बंद करणे हा दुखण्यावरचा उपाय असू शकेल, हे प्रथम ऐकताना पटत नाही. तरीही झिजलेल्या, सतत ठणकणाऱ्या घोट्यावर अस्थिशल्यविशारद शंभराहून अधिक वर्षे हा उपाय करीत आले आहेत. १९८०च्या दशकापासून तो दोन लहान छिद्रांमधून करता येऊ लागला. हे कसे साधते आणि त्याची किंमत काय, ते पाहू.

घोटा का झिजतो?

नडगीचे हाड, त्याच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड आणि या दोघांच्या खोबणीत बसणारे टॅलस नावाचे हाड मिळून घोट्याचा सांधा बनतो. हाडांची टोके कूर्चेच्या गुळगुळीत थराने झाकलेली असतात. येथे हा थर जेमतेम एक ते दीड मिलिमीटर जाड असतो. भार पेलणारे क्षेत्रही लहान, सुमारे ३५० चौरस मिलिमीटर. गुडघ्यात ते याच्या सुमारे तिप्पट असते.

असे असूनही गुडघ्याप्रमाणे घोटा केवळ वयोमानाने फारसा झिजत नाही. दुखण्याचे मूळ बहुधा जुन्या अस्थिभंगात किंवा पुन्हा पुन्हा मुरगळण्यात सापडते. रॅम्सी आणि हॅमिल्टन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार, टॅलस बाहेरच्या बाजूला केवळ १ मिलिमीटर सरकले, तरी संपर्काचे क्षेत्र सरासरी ४२ टक्क्यांनी घटते. आता दाबाचे सूत्र आठवा. भार तोच, क्षेत्र मात्र ५८ टक्केच उरले. म्हणजे सरासरी दाब सुमारे १.७ पट झाला! पावलागणिक हा जादा दाब कूर्चेवर पडत राहतो.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तिची झीज भरून येत नाही. तिच्यात चेतातंतूही नसतात, म्हणून सुरुवातीची झीज जाणवत नाही. खालचे हाड उघडे पडून हाडावर हाड घासू लागले की वेदना सुरू होते.

शरीराला दिलेली हूल

मोडलेले हाड स्थिर ठेवले तर शरीर ते सांधते, हे आपल्याला ठाऊक आहे. सांधा जखडताना हाच गुण कामी येतो. उरलीसुरली कूर्चा खरवडून काढायची, खालच्या हाडाचे ताजे, रक्त पाझरणारे पृष्ठभाग एकमेकांना भिडवायचे आणि घट्ट दाबून धरायचे. शरीर ही जागा अस्थिभंग समजून तेथे नवे हाड घालते. घासण्याला जागाच उरत नाही, आणि वेदनेचे कारण संपते. दाबून धरण्याचे महत्त्व इंग्लंडमधील जॉन चार्नली यांनी १९५१ मध्ये घोट्याच्या बाबतीत ठळकपणे मांडले. त्यांनी बाहेरून चाप लावले होते. आता हाडातून स्क्रू बसवतात.

दुर्बिणीची वाट

१९१८ मध्ये टोकियोत केन्जी ताकागी यांनी गुडघ्याच्या सांध्यात दुर्बीण घालून पाहिले. घोटा मात्र त्यासाठी फार अरुंद आहे, असे मत अमेरिकेतील मायकेल बर्मन यांनी १९३१ मध्ये नोंदवले होते. पुढे दुर्बिणी बारीक झाल्या आणि ही अडचण सरली.

आज घोट्याच्या पुढच्या बाजूला दोन लहान छिद्रे पाडतात. एकातून काही मिलिमीटर जाडीची दुर्बीण जाते, दुसऱ्यातून खरवडण्याची हत्यारे. निर्जंतुक सलाईन सोडून सांधा फुगवतात आणि पडद्यावर पाहत काम करतात. मग क्ष-किरणांच्या साहाय्याने दोन-तीन स्क्रू बसवतात. पाऊल नडगीशी काटकोनात आणि टाच किंचित बाहेर कललेली ठेवतात. हा कोन पुढे बदलता येत नाही, म्हणून येथे फार काटेकोर राहावे लागते.

मोठा छेद टळल्याने भोवतालच्या ऊती आणि रक्तवाहिन्या शाबूत राहतात. सूज कमी येते, रुग्णालयातला मुक्कामही सहसा कमी होतो. हाड पक्के जुळायला मात्र साधारण तीन महिने लागतातच. जीवशास्त्राला घाई चालत नाही. धूम्रपान करणाऱ्यांत हाड न जुळण्याचा धोका बराच वाढतो. घोटा फार वाकडा झाला असेल किंवा बरेच हाड नष्ट झाले असेल, तर उघड शस्त्रक्रियाच करावी लागते.

किंमत कोणती?

वर्गात एक प्रयोग करून पाहा. विद्यार्थ्याला टाचा जमिनीवर टेकवून उकिडवे बसायला सांगा. त्याची नडगी पुढे झुकलेली दिसेल. आता नडगी सरळ उभी ठेवून तसेच बसायला सांगा (मागे कोणी आधाराला हवे). गुरुत्वमध्य पावलांच्या मागे जातो आणि तो मागे कलंडतो. जखडलेल्या घोट्याची माणसे सपाट रस्त्यावर बरीचशी सहज चालतात, कारण पावलाच्या मधले सांधे थोडी हालचाल पुरवतात. पण टाच टेकवून उकिडवे बसणे त्यांना जमत नाही. चढण आणि खडबडीत वाटही अवघड जाते.

शिवाय थांबलेल्या हालचालीचा भार शेजारच्या सांध्यांवर येतो. अमेरिकेतील आयोवा येथे २३ रुग्णांचा सरासरी २२ वर्षे मागोवा घेतला गेला. त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील बहुतेकांच्या त्याच पावलाच्या इतर सांध्यांत झीज आढळली.

म्हणूनच औषधे, आधाराचे बूट, वजन कमी करणे हे उपाय थकल्यावरच या शस्त्रक्रियेचा विचार होतो. कृत्रिम घोटा बसवण्याचा पर्यायही आहे. त्यात हालचाल टिकते, पण तो सैल होऊ शकतो वा झिजू शकतो. दिवसभर उभ्याने काम करणारा तरुण आणि जमिनीवर बसून काम करणारी गृहिणी यांच्यासाठी एकच उत्तर असेल असे नाही. रुग्णाने शल्यविशारदाला केवळ ‘दुखणे जाईल का?’ एवढेच विचारू नये. आपण दिवसभर कसे बसतो, कोठे चालतो, काय उचलतो, हेही त्याला सांगावे.