मुलानचा वेश आणि मराठी छावणीतला जोरावरसिंग

चीनमधील मुलान ही वीरांगना आज जगाला प्रामुख्याने १९९८च्या डिस्ने चित्रपटामुळे ठाऊक असली, तरी तिची मूळ कथा एका छोट्या लोकगीतात आहे. उत्तर चीनवर तुओबा या मूळच्या भटक्या टोळीचे राज्य होते, त्या उत्तर वेई काळातले (इ.स. ३८६ ते ५३४) हे गीत मानले जाते. लष्करभरतीच्या याद्यांत म्हाताऱ्या बापाचे नाव येते, घरात हाती शस्त्र धरण्याजोगा मुलगा नसतो, म्हणून हातमागावर बसलेली मुलान बाजारातून घोडा, खोगीर आणि लगाम विकत घेऊन पुरुषवेशात लढाईवर जाते. विशेष म्हणजे या गीतात रणांगणाचे वर्णन चार-दोन ओळींतच आटोपते आणि उरलेली जागा निघण्याची तयारी व घरी परतणे यांना मिळते. बादशहा देऊ करीत असलेले मोठे पद ती नाकारते, घरी येऊन जुना पोशाख अंगावर चढवते आणि तेव्हा कुठे सोबतच्या शिपायांना सत्य उमगते. सैन्यात असताना बिंग फुटणे आणि त्यापायी जिवावर बेतणे हा प्रसंग चित्रपटाने घातलेला आहे. सतराव्या शतकातल्या एका चिनी कादंबरीत तर ती शेवटी आत्महत्या करते. परतलेल्या मुलानचे पुढे काय करायचे, हा पेच कथाकारांना तिच्या शौर्यापेक्षा अवघड गेलेला दिसतो.

या कथेच्या अगदी जवळ जाणारी घटना दौलतराव शिंदे यांच्या मराठी फौजेत घडलेली आहे. १८०९मध्ये शिंद्यांची छावणी राजपुतान्यात फिरत असताना तिच्यासोबत असलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलेली पत्रे १८१३मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, त्यांत जोरावरसिंग नावाने शिपाईगिरी करणाऱ्या एका तरुणीची हकिकत येते. कर्जापायी भोपाळला कैदेत पडलेल्या भावाला सोडवण्याइतका पैसा पगारातून साठवावा, एवढाच तिचा हेतू होता. छावणीत गुपित सांभाळायचे ते स्वयंपाक आणि स्नान या रोजच्या गोष्टींत. ती वेगळी शिजवून खाई व एकटी अंघोळ करी, आणि अखेर कुणाच्या तरी कुतूहलाने बिंग फुटले ते या अंघोळीपायीच. तिला शिक्षा झाली नाही. उलट शिंदे व त्यांची पत्नी बायजाबाई यांनी तिचे कौतुक केले आणि भावाच्या सुटकेसाठी भोपाळला लिहिले.

मुलान बापासाठी, जोरावरसिंग भावासाठी. स्त्रीने स्वतःसाठी शस्त्र उचलले असते तर दोन्ही दरबारांनी इतक्या सहज माफ केले असते, असे वाटत नाही.

वेश न पालटता फौज चालवणारी स्त्री मराठेशाहीत दुर्मीळ नव्हती, मात्र तिला बहुधा वैधव्याच्या वाटेने यावे लागे. बागलाणातल्या अभोण्याच्या ठोके देशमुखांची लेक उमाबाई दाभाडे हिचा पती सेनापती खंडेराव १७२९मध्ये वारला, मुलगा त्र्यंबकराव १७३१मध्ये डभोईला बाजीराव पेशव्याशी लढताना पडला आणि धाकट्या यशवंतरावाच्या नावाने सेनापतिपदाचा कारभार तिच्याकडे आला. १७३२मध्ये डाकोर येथे दाभाड्यांचा सरदार पिलाजी गायकवाड याचा खून झाल्यावर अहमदाबादवर चाल करून जाणाऱ्या फौजेचे नेतृत्व तिचेच होते.

मुलानला मागापाशी परतता आले, कारण तिने पद घेतले नव्हते. उमाबाईला ती सोय नव्हती. १७५१मध्ये पेशव्यांविरुद्ध उठलेल्या ताराबाईच्या बाजूने तिने पिलाजीचा मुलगा दमाजी गायकवाड याला पाठवले, त्याने खानदेशातल्या बहादरपूरला पेशव्यांच्या सरदारांना मागे रेटले, पण साताऱ्याजवळ तो अडकला. नानासाहेब पेशव्याने दाभाड्यांना कैद केले, जहागिरी काढून घेतली, आणि दोन वर्षांनी, १७५३मध्ये, उमाबाई वारली.