भर खाडीत इंजिन दमलं, तर

कोकणातल्या खाड्यांमध्ये फायबरच्या छोट्या होड्यांना मागे लावलेलं जुनं टू-स्ट्रोक इंजिन अजूनही दिसतं. भर वेगात त्याचा जोर गेला, की मन थेट पिस्टनकडे धावतं. दोष बहुधा त्याहून स्वस्त जागी असतो.

आधी इंधन पाहावं. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला, तर आत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल येईनासं होतं. नळीतला रबरी फुगा दाबत राहिल्यावर इंजिन पुन्हा जोर धरत असेल, तर नळी, फिल्टर आणि इंधनपंप तपासावा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरालाही ते मानवत नाही.

मग स्पार्क प्लग. दोनपैकी एक सिलिंडर बंद पडलं तरी इंजिन चालत राहतं, पण होडी वेग घेत नाही. दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवले, की ओला प्लग दोषी सिलिंडर दाखवतो. ठिणगी चांगली असेल तर कॉम्प्रेशन मोजावं. दोन सिलिंडरांत मोठी तफावत निघाली, तर मात्र खर्च अटळ.

इंजिन गरजतंय, होडी हलत नाही? पंख्याच्या मधलं रबरी बुश सुटलं असण्याची शक्यता मोठी.

आणि थंड करणाऱ्या पाण्याची धार थांबली असेल, तर बाकी तपासणी नंतर. इंजिन त्याच क्षणी बंद करावं.