डोंगरांच्या आडोशाला खोडद

आष्टीहून नगर, आळेफाटा करत नारायणगाव गाठलं की खोडद थोडंच पुढे. वेधशाळा म्हणजे उंच शिखर, हेच मनात धरून आम्ही बीडकर निघालो होतो. इथं मात्र शेतं, आणि शेतांमधून वर आलेल्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्या.

चिलीतली ‘अल्मा’ दुर्बीण 5000 मीटर उंचीवर आहे, कारण ती पकडते त्या मिलिमीटर लहरी हवेतली वाफ शोषून घेते. खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण मीटरभर लांबीच्या लहरी ऐकते. वाफ त्यांना अडवत नाही. त्यांना बाधतो तो माणसाचा गोंगाट: मोबाइल, टीव्हीचे मनोरे, अगदी मोटरसायकलच्या प्लगची ठिणगीसुद्धा. म्हणून इथं डोंगर पायाखाली नाहीत, भोवती आहेत. बाहेरचा गोंगाट ते अडवतात. आत शिरताना मोबाइल बंद करावा लागतो.

तबकडीखाली उभं राहून वर पाहिलं तर आरपार आभाळ दिसतं. पत्रा नाहीच, बाज विणावी तशी पोलादी दोरांवर ताणलेली बारीक तारेची जाळी. भोकं एक-दोन सेंटिमीटरची, सर्वांत आखूड लहर सुमारे 21 सेंटिमीटरची. लहरीच्या लेखी ती जाळी भरीव, आणि वारा मात्र निघून जातो. त्यामुळे वजन घटलं, खर्च घटला. ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही कल्पना मला या सगळ्यात थोर वाटते. 1965 साली कल्याणला सहा फुटी 32 तबकड्यांनी सुरुवात करणाऱ्या, मग उटीच्या उतारावर 530 मीटर लांब दुर्बीण उभारणाऱ्या माणसालाच ती सुचावी!

एकूण तबकड्या 30. चौदा मध्यभागी, उरलेल्या सोळा तीन दिशांना, सुमारे 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात. सगळ्यांचे संकेत ऑप्टिकल फायबरनं एका इमारतीत येतात. निरीक्षण सुरू करताना आधी ओळखीच्या, तेजस्वी स्रोताकडे तबकड्या वळवून यंत्रणा जुळवतात, मग हव्या त्या दीर्घिकेकडे. मधूनमधून पुन्हा ओळखीच्या स्रोताकडे, कारण वातावरण आणि यंत्रं दोन्ही बदलत राहतात. हे काम रात्रंदिवस चालतं. तबकडी आकाशामागे इतकी सावकाश सरकते की नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

याच दुर्बिणीनं टिपलेला, सुमारे 8.8 अब्ज वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा संकेत 2023 मध्ये जाहीर झाला.

28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला इथं प्रदर्शन भरतं. आमच्या बीडच्या शाळांनी यंदाची सहल खोडदला काढावी.